अधिभार

टिक-टिक.

दुपारच्या निवांत घरात उंबरा दोनदा वाजला आणि नुकता कुठे डोळा लागलेली जुई गादीवर उठून बसली. “आजी आली!”

एकदा वाजला तर आई किंवा बाबा, दोनदा वाजला तर आजी, हे तिला नीट बोलता यायच्या आधीपासून कळत होतं. ती अनवाणी धावत गेली आणि सासूबाईंच्या पोटाला मिठी मारून उभी राहिली. तिचे हात मागे एकमेकांना कधीच लागायचे नाहीत.

“आजी, माझा पण दोनदा वाजव ना.”

“वाजंल की. माझ्या हातचं खात जा, बघ कसा वाजतोय.” सासूबाईंनी शेवग्याच्या शेंगांची पिशवी खाली ठेवली. धाप लागली होती, तरी हसत होत्या. “तुझ्या आईचा बघ कसा वाजतो. पाल चुकचुकल्यासारखा.”

मी स्वयंपाकघरात हसले. आमच्या सांगलीकडे कुणाची टिंगल केली की त्याला मापं काढणं म्हणतात, आणि या घरात तो हक्क फक्त सासूबाईंचा होता. लग्न करून मी आले तेव्हा उंबऱ्यावर तांदळाचं माप भरून ठेवलं होतं. उजव्या पायानं हलकेच लवंडायचं, तर मी घाबरून जोरातच मारलं. तांदूळ पार चपलांच्या कपाटाखाली गेले. जमलेल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “सांडू दे. माप सांडलं ना, आता या घरात कुणी कुणाचं माप काढायचं नाही. मी सोडून.”

तेव्हा उंबरा नुसत्या काळ्या दगडाचा होता. वाजत नव्हता.

वाजणारा उंबरा मी कॉलेजात अकरावीच्या मुलांना असा समजावून सांगते: आपल्या स्नायूंमध्ये पाणी भरपूर, जवळजवळ तीन-चतुर्थांश. रेडिओलहर त्यात शिरली की पाणी तिला शोषतं, तिची चाल मंदावते. चरबीत पाणी फार थोडं. तिच्यातून तीच लहर जवळजवळ आहे तशी पार होते. घरातलं वायफाय याच जातीचं. आता दाराच्या चौकटीत दोन्ही बाजूंना आणि खाली उंबऱ्याच्या दगडात अँटेनाच्या बारीक पट्ट्या बसवा. माणूस दार ओलांडतो तेवढ्या वेळात किती लहर अंगात गिळली गेली, किती उशिरानं पलीकडे पोचली, हे मोजा. त्याच्या अंगात पाणी किती आणि चरबी किती ते कळतं. चालण्याच्या ढबीवरून माणूस कोण तेही कळतं. चरबी ठरल्यापेक्षा जास्त निघाली तर उंबरा दोनदा वाजतो, नाहीतर एकदा. टोचणं नाही, काट्यावर उभं राहणं नाही. फक्त घरी यायचं.

मधुमेह होण्याच्या आधी ओळखावा म्हणून कुणा भल्या संशोधकांनी हे शोधलं. मग विमा कंपन्यांनी उंबरे फुकट बसवून द्यायला सुरुवात केली. जे घर सडपातळ त्याला हप्त्यात सवलत. सवलतीला कोण नाही म्हणणार? आमच्या सोसायटीत पेढे वाटले. पुढच्या वर्षी ती सवलत म्हणजेच मूळ दर झाला आणि बाकीच्यांना लागला अधिभार. त्याच्या पुढच्या वर्षी कायदा झाला. अधिभार हा शब्द आम्हाला विजेच्या बिलामुळे पाठ होता, त्यामुळे कुणाला खुपला नाही. या वेळी कुणीतरी तो शब्दशः घेतला होता, एवढंच.

प्रत्येक घराला श्रेणी मिळाली, अ पासून ड पर्यंत. माणसाला का नाही, घराला का? तर चूल एक असते म्हणून. जो जाड आहे त्याला वाढणारं कुणीतरी असतंच. आधी घराची सरासरी धरायचे. मग लोक सडपातळ भाचेपुतणे आणून घरात नोंदवायला लागले. तेव्हा नियम बदलला: घरातलं सगळ्यात जड माणूस जे असेल, ती घराची श्रेणी.

आमच्या घरातलं सगळ्यात जड माणूस कोण हे उंबऱ्यानं सांगायला नको होतं. सासूबाईंना दमा. वर्षानुवर्षं स्टेरॉइडच्या गोळ्या. त्या गोळ्यांनी चेहरा गोल झाला होता, पाठीवर चरबीचा उंचवटा आला होता, पोट सुटलं होतं. औषधामुळे वजन वाढलं असेल तर सुरुवातीला सूट होती. मग सगळ्या सांगलीची थायरॉइडची सर्टिफिकेटं निघाली आणि सूटच गेली.

तरीही आमचं घर ‘ब’मध्ये होतं. कसं, ते कुणाला कळत नव्हतं. दुपारी आणि संध्याकाळी सासूबाईंचा उंबरा दोनदा वाजायचा, पण सकाळी देवळात जाताना मात्र एकदाच. कंपनी दिवसातलं सगळ्यात कमी माप धरायची. ग्राहकाची सोय.

“सकाळी मी बारीक असते,” सासूबाई म्हणायच्या. “रिकाम्या पोटी ना.”

*

जेवताना माझा नवरा विक्रांत ताटावर हात आडवे धरायचा. पूर्वी हे लाडानं चालायचं. त्यानं हात धरायचे, सासूबाईंनी बोटांच्या फटीतून तूप सोडायचं, त्यानं ओरडायचं. हल्ली तो खरंच धरायचा.

“आई, नको म्हटलं ना.”

“अर्धी पोळी घे. उरलीय, ती कुणाच्या ताटात घालू?”

“तुझ्याही घालू नकोस. पोळ्याच कमी कर.”

“तुझे बाबा सात खायचे.”

“म्हणूनच गेले ना!” तो बोलून गेला. मग आवाज उतरवून म्हणाला, “आई, बाबांच्या वेळी दारात उंबरा असता ना, तर कुणीतरी त्यांना वेळेवर सांगितलं असतं. बाबा असते आज. जुईला खांद्यावर घेऊन फिरवलं असतं त्यांनी.”

सासूबाईंनी पोळी परत डब्यात ठेवली. तो खोटं बोलत नव्हता. माझे सासरे एका सकाळी चहाचा कप हातात धरून गेले. आणि कायद्यानं काहीच भलं झालं नाही असंही मी म्हणणार नाही. समोरचे पाटीलकाका संध्याकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत चालत जाऊन यायला लागले. त्यांची साखर उतरली. मुलांच्या डब्यातल्या कुरकुरीत पिशव्या गेल्या.

आमची खरी धास्ती वेगळी होती. जुईच्या हृदयाच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे. आपोआप बुजेल म्हणून वाट पाहिली, बुजलं नाही. त्यामुळे तिच्या अंगी काही लागायचंच नाही. चारचौघांच्या पोरींच्या शेजारी ती काडीसारखी दिसायची, जिना चढताना ओठ निळसर व्हायचे. पायाच्या शिरेतून नळी नेऊन त्या भोकावर छत्रीसारखी चकती बसवायची, आणि हे याच वर्षी व्हायला हवं, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ‘ब’ श्रेणीच्या घराला हे ऑपरेशन लगेच मिळायचं. ‘ड’ असती तर ठरवून करायच्या सगळ्या शस्त्रक्रियांना दोन वर्षांचा थांबा. जे घर स्वतःची काळजी घेत नाही, त्यानं थांबावं, असा विचार. आमच्या पदरचं घालून करायचं तर राहतं घर विकावं लागलं असतं, आणि तेही अजून बँकेचंच होतं.

*

तपासनीस आला तो शनिवारी सकाळी. बोरगावे नाव. तिशीच्या आतला, मिशी नुकती जमवलेली. बूट दाराबाहेर काढले, आत येताना टिक करून एकदाच वाजला.

“चहा?” सासूबाईंनी विचारलं.

“बिनसाखरेचा, काकू.”

“तो काय चहा झाला? तो काढा.” तरी त्यांनी केला, आणि बशीत डिंकाचा लाडूही ठेवला. बोरगावेनं लाडवाकडे पाहिलं आणि नजर टॅबलेटवर नेली.

“मॅडम, थोडी अडचण आहे,” तो मला म्हणाला. “तुमच्या घरातली माणसं रोज सकाळी बारीक होऊन बाहेर पडतात आणि संध्याकाळी जाड होऊन घरी येतात.”

“बाहेरचं खात असतील,” सासूबाई म्हणाल्या.

जुई खुदकन हसली. बोरगावे हसला नाही. “काकू, हे छेडछाडीत धरतात. लोक चौकटीला फॉइल लावतात, आत तारा घालतात. सिद्ध झालं तर पॉलिसी रद्द होते. पूर्ण.”

विक्रांतचा चेहरा उतरला. “आम्ही काहीही लावलेलं नाही. तुम्ही चौकट उचकटून बघा.”

बोरगावेनं चौकट चाचपली. टॉर्च मारून फटी पाहिल्या. मी त्याच्या मागे उभी होते आणि माझी नजर खाली गेली. दगडावर पिवळसर ओघळ होते, सांध्यात अजून ओलं होतं, मध्यभागी कुंकवाची दोन बोटं आणि रांगोळीची पावलं. रोज सकाळी अंघोळ झाली की सासूबाई तांब्याभर पाण्यात हळद कालवून उंबरा धुतात. त्यांच्या सासूनं शिकवलेलं. कंपनीची माणसं यंत्र बसवून गेली, त्या दिवशीही मी म्हटलं होतं, “आई, यात वायरी आहेत.” त्या म्हणाल्या होत्या, “वायरी असू देत नाहीतर सोनं असू दे. उंबरा तो उंबराच. त्याला पारोसा ठेवायचा?”

आणि मला एकदम सगळं दिसलं. पहाटे, कुणी उठायच्या आधी, यंत्र कोरड्या दगडावर स्वतःला शून्यावर आणतं. मग सासूबाई पाणी ओततात. लहरींच्या वाटेत पाणी येतं. आणि यंत्राला पाणी म्हणजे स्नायू एवढंच माहीत. त्यानंतर जो कुणी ओलांडेल त्याच्या अंगात ते पाणी धरलं जातं. दहा वाजता दगड वाळला की माणसं पुन्हा होती तशी.

“छेडछाड नाही,” मी म्हटलं. “थांबा, दाखवते.”

मी फडक्यानं उंबरा कोरडा केला, वर हेअर ड्रायर फिरवला. “आई, या बरं बाहेर.”

टिक-टिक.

मग तांब्यात हळदीचं पाणी केलं, दगडावर ओतलं. “आता आत या.”

टिक.

जुईनं टाळ्या वाजवल्या. “परत! परत!” सासूबाई पदर खोचून पुन्हा बाहेर गेल्या, पुन्हा आत आल्या. टिक. टिक. त्यांना पण गंमत वाटायला लागली होती. “अगंबाई,” त्या म्हणाल्या, “म्हणजे हळदीनं बारीक होते म्हणतात ते खरंच की!”

मी बोरगावेला शोषण, वेग, शून्य सगळं समजावून सांगितलं. आठवड्यातला तो माझा सगळ्यात चांगला तास झाला असेल. तो भराभर टॅबलेटवर टिपत होता. “मॅडम, भारी! आमच्या इंजिनिअर लोकांना हे सुचलं नव्हतं. दोन महिने डोकं खाजवतायत.” मग त्यानं बोट सरकवून शेवटचं काहीतरी भरलं. “चला, छेडछाडीचा मुद्दा मिटला. पॉलिसीला धक्का नाही. ओल्या उंबऱ्यावरची मापं तेवढी बाद होतील.”

“बाद म्हणजे?” विक्रांतनं विचारलं.

“म्हणजे संध्याकाळची धरायची.” बोरगावेनं सासूबाईंकडे पाहिलं नाही. “श्रेणी ‘ड’ येतेय, सर. पुढच्या महिन्यापासून.”

जुई अजून उंबऱ्याच्या आत-बाहेर उड्या मारत होती. टिक. टिक. टिक.

जाताना सासूबाईंनी लाडू कागदात बांधून त्याच्या हातात दिला. “पोरांना ने.” तो नको म्हणाला, मग घेतला, खिशात टाकला. आणि हळदीच्या पाण्यावर पाय पडू नये म्हणून उंबरा लांब ढांग टाकून ओलांडला.

*

“तुला गप्प बसता आलं नाही?” विक्रांत म्हणाला. आम्ही गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. खाली बोललो असतो तर ऐकू गेलं असतं.

“पॉलिसी रद्द झाली असती.”

“छेडछाड सिद्ध करायला त्यांना वर्ष लागलं असतं. फॉइल नाही, तार नाही, काय सिद्ध करणार होते? तेवढ्यात ऑपरेशन झालं असतं, शलाका. त्याला तू प्रयोग करून दाखवलास. प्रात्यक्षिकासकट.”

“मला वाटलं आपण खोटे नाही हे दाखवलं की…”

“की काय? ते तुला बक्षीस देणार होते?”

त्यानं जुईचा फ्रॉक झटकला आणि चिमटा लावला. फ्रॉक इतका लहान होता की एकच चिमटा पुरायचा. मी वर्गात मुलांना सांगते की खरं मोजा, जे येईल ते लिहा. पुढे काय होतं ते अभ्यासक्रमात नाही.

त्यानंतर घरात पथ्य आलं. साखर गेली, तूप गेलं. सासूबाई मुकाट्यानं भाकरीचा चतकोर घ्यायच्या. संध्याकाळी त्यांना घेऊन मी चालायला जायचे. पाटीलकाका मागून येऊन पुढे निघून जायचे आणि आम्ही प्रत्येक बाकावर बसायचो. घरी परत आलो की दाराशी त्या क्षणभर थांबायच्या, दम खाल्ल्यासारखं करायच्या. खरं तर त्यांना आवाज ऐकायची भीती वाटायला लागली होती.

टिक-टिक.

“चुलीत गेला मेला,” त्या म्हणायच्या. जुई मात्र आतून ओरडायची, “आजी आली!”

तीन-चार आठवड्यांनी त्यांच्या चेहऱ्याची सूज जरा उतरल्यासारखी वाटली. विक्रांत खूश झाला. “बघ आई, जमतंय!” मीही खूश झाले. मग एका दुपारी तुळशीला पाणी घालताना कुंडीतल्या मातीवर पांढरं काहीतरी विरघळताना दिसलं. बोटानं उकरलं. एक गोळी, अर्धवट विरलेली. खाली आणखी.

मी तशीच आत गेले, हातातली माती न धुता. सासूबाई जुईला वाटाणे सोलायला शिकवत होत्या. माझा हात बघून त्यांना कळलं.

“आई, या गोळ्या अशा एकदम थांबवल्या तर काय होतं माहितीये तुम्हाला?”

“माहितीये. डॉक्टरांनी शंभरदा सांगितलंय.”

“मग?”

“मग काय? खाल्ल्या तर घर बुडतंय, नाही खाल्ल्या तर मी.” त्या हसल्या, पण हसता हसताच छातीतून शीळ वाजली. “माझं काय गं, मी पन्नास वर्षं खाऊनपिऊन सुखी. हिच्या काळजाला भोक आहे.”

“विक्रांतला कळलं तर…”

“त्याला सांगायचं नाही.” मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “मी जाते मालूकडे.”

मालूमावशी म्हणजे त्यांची धाकटी बहीण. तासगावच्या पुढे राहते. तिकडे अजून साधे उंबरे होते.

“तिथं मी गोळ्या खाईन, वचन देते. इथनं माझं नाव काढा. हिचं झालं की मग बघू.”

“आई, असं नका बोलू.”

“का नको? लोक म्हणतात ना, म्हातारं माणूस घराला जड झालं. नुसतं म्हणायला म्हणतात. मी खरंच झाले की गं. मशिनीनं सांगितलंय.” आणि या वेळी मनापासून हसल्या, आपलीच मापं काढावीत तशा.

जुई सोलता सोलता थांबली होती. तिच्या मुठीतला वाटाणा घरंगळत कपाटाखाली गेला. मी तिकडे लक्ष दिलं नाही.

मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलंही. पण एकदाच. आग्रह म्हणजे काय ते मी त्याच बाईकडून शिकले होते. नको म्हणणाऱ्याच्या बोटांच्या फटीतून तूप कसं सोडायचं ते. मी एकदा नको म्हटलं आणि हात मागे घेतला.

विक्रांतला जाण्याचं सांगितल्यावर तो गॅलरीत निघून गेला. आत आला तेव्हा म्हणाला, “थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.” त्याचे डोळे लाल होते. दुसऱ्या दिवशी त्यानं कंपनीला फोन लावून आईचं नाव काढायला सांगितलं. पलीकडच्या मुलीनं कारण विचारलं, तर त्यानं काय सांगावं? “स्थलांतर,” म्हणाला.

जायच्या दिवशी सासूबाईंनी उंबऱ्याची पूजा केली. पाणी नाही, कारण कंपनीनं चौकटीवर आता चिकटपट्टी लावली होती: उंबरा ओला करू नये. कोरडी हळद, कोरडं कुंकू. वाऱ्यानं उडून गेलं निम्मं. मग बॅग उचलून त्यांनी पाय टाकला.

टिक-टिक.

जुई उंबऱ्याच्या आत उभी राहून हात हलवत होती. तिला वाटलं, भाजी आणायला चालली आजी.

*

पाहुणी म्हणून यायला त्यांना मुभा होती, पण पाहुण्याच्याही फेऱ्या मोजल्या जायच्या. फार वेळा ओलांडलं की माणूस आपोआप घरात नोंदलं जातं. म्हणून पहिल्या भेटीपासूनच सासूबाई आत आल्या नाहीत. जिन्याजवळ, दारासमोर प्लॅस्टिकची खुर्ची टाकून बसल्या. मी चहा बाहेर नेऊन दिला.

पाटीलकाकू जाताना थबकल्या. “शैलाताई, बाहेर का हो बसलात?”

“इथं वारा बरा लागतो,” सासूबाई म्हणाल्या.

पाटीलकाकूंना कळलं. त्यांचीही नणंद अशीच कुठेतरी खुर्चीवर बसत असणार. त्या जिना उतरून गेल्या.

जुई उंबऱ्याच्या आत मांडी घालून बसायची, आजी बाहेर. मधे चेंडू. आजी चेंडू ढकलायची, तो उंबऱ्यावरून टुणकन आत यायचा. चेंडूला उंबरा वाजत नाही.

“आजी, आत ये ना.”

“आत आले तर चेंडू कोण टाकणार?”

पहिल्यांदा हे उत्तर जुईला पटलं. पुढच्या खेपेला तिनं विचारलंच नाही.

श्रेणी ‘ब’ झाली. तारीख मिळाली. ऑपरेशन छान झालं. पायाच्या जांघेत एवढासा डाग, बस्स. चौथ्या दिवशी जुई वॉर्डात धावत होती. ओठ गुलाबी. मी देवाचे, डॉक्टरांचे, सगळ्यांचे आभार मानले. सासूबाई फोनवर रडल्या आणि मग म्हणाल्या, “तिला आता लाडू द्या गं. एक. लपून.”

“आता तुम्ही परत या,” मी म्हटलं.

पण तोपर्यंत आणखी एक कळलं होतं. ऑपरेशननंतरच्या तपासण्या दोन वर्षं चालणार, आणि मधे श्रेणी घसरली तर त्याही थांबणार. “असू दे,” सासूबाई म्हणाल्या. “मालूकडे मला बरं वाटतंय. म्हशी आहेत, दूध आहे.” आणि खोकल्या. “येते गं मधे मधे. खुर्ची आहे ना माझी.”

खुर्ची आम्ही जिन्याजवळच ठेवली. विक्रांत येता-जाता तिच्याकडे बघायचा नाही. एका सकाळी मात्र मी त्याला दारात पाहिलं. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. उंबऱ्याकडे बघत तो बराच वेळ उभा होता. मग गॅलरीत गेला आणि ते पाणी तुळशीला घालून आला.

जुईच्या अंगी आता लागायला लागलं. भोक बुजलं की मुलं अशी भराभर भरतात, डॉक्टर म्हणाले होते. गाल आले, मनगटं गोल झाली. जुने फ्रॉक होईनात. तपासणीच्या वेळी नर्सनं काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, “वा! मस्त वाढलंय हो वजन!” मला वाटलं त्या बाईला मिठी मारावी. अख्ख्या शहरात वजन वाढल्याचा आनंद करायची मुभा असलेलं ते एकच माणूस होतं.

त्या दिवशी रिक्षातून उतरल्यावर जुई झोपाळलेली होती. मी तिला उचललं आणि जिना चढायला लागले. कितीतरी दिवसांनी मी तिला कडेवर घेत होते. पूर्वी तिला घेऊन चढताना काही वाटायचंच नाही, पाखरू घेतल्यासारखं. आज दुसऱ्या मजल्यावर कंबर दुखायला लागली, हाताला रग लागली, आणि ते दुखणं इतकं गोड होतं की मी आणखी दोन पायऱ्या मुद्दाम हळू चढले. रिकाम्या खुर्चीपाशी पोचलो. दारात मुलाला कडेवरून खाली उतरवून चालवत न्यायचं, नाहीतर दोघांचं माप एकत्र येतं आणि गोंधळ होतो, हा नियम आता हातात भिनला होता. मी वाकले, तिला खाली ठेवलं, कमरेवर हात ठेवून हसत म्हटलं, “अगंबाई जुई! किती जड झालीस गं!”

तिची झोप एकदम उडाली. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या घराकडे, मग मागच्या खुर्चीकडे. मी पुढे केलेला हात तिनं धरला नाही. उंबऱ्याच्या अलीकडे पाय जुळवून ती उभी राहिली, जणू एक पाऊल टाकलं तर दोनदा वाजेल.

“आई,” ती हळूच म्हणाली, “मग आता मला कुठं पाठवणार?”